ढीग उघडायचा नाही

आमच्या घरात माणसं दोन प्रकारची आहेत, करणारी आणि दाखवणारी. आमचे हे दुसऱ्या प्रकारातले, आणि लग्न झाल्यापासून मी त्यांना तसं तोंडावर सांगत आलेय. त्यांचा तरी काय दोष? जन्मभर सिनेमाच्या थेटरात मशीन चालवलं त्यांनी. रीळ चढवायचं, दिवे घालवायचे आणि भिंतीतल्या चौकोनी झडपेतून खाली बसलेल्या लोकांची तोंडं बघायची. थेटर बंद झालं, तिथे आता फर्निचरचं गोदाम आहे. तरी सगळी गल्ली ह्यांना अजून ऑपरेटरच म्हणते आणि हाक आली की हे रुबाबात वळतात.

करणारी म्हणजे मी, आणि आता माझी सून. घरामागे आमचा भाजीचा मळा आहे. मळा आपला म्हणायचा. स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली तर शेवटच्या कुंपणापाशी नीट ऐकू जाते, एवढाच. वरच्या अर्ध्यात कोबी, मुळा, पालक, पातीचा कांदा. तो भाग माझा, आणि माझा पालक बाजारात शिळा होत नाही, हे मी कुणालाही सांगेन. खालचा पट्टा मात्र मेलेला होता. समोरचा रस्ता झाला त्या वर्षी कंत्राटदाराने खडीचे ट्रक आणि रोलर तिथे उभे केले आणि जाताना मातीचा ओटा करून गेला. मी तिथे धुणं वाळत घालायचे.

कुंपणापलीकडे सिमेंटचे ब्लॉक बनवायचा कारखाना आहे. पानगळ सुरू झाली तेव्हा त्याचा मालक आमच्याकडे आला. त्याला माल रचून ठेवायला जागा हवी होती. माणूस वाईट नाही, पण जगातली प्रत्येक मोकळी जागा त्याला ब्लॉकसाठी सोडलेली वाटते. त्याने आमचीच पहार उचलली, खांद्याच्या वर नेली आणि खालच्या पट्ट्यात सोडली. पहार ठण्णकन उडाली आणि आडवी पडली.

"वा, ऑपरेटर! असली जमीन शोधून सापडत नाही," ब्लॉकवाला म्हणाला. "भरलेला ट्रक उभा केला तरी चाक रुतायचं नाही."

आमच्या ह्यांची छाती फुगली. जमीन काय ह्यांनी तुडवून घट्ट केली होती? माझ्या मातीची स्तुती व्हावी आणि तीही ट्रक उभा राहतो म्हणून, ह्याने माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण घरबसल्या भाडं येणार होतं आणि त्या पट्ट्यात माझ्याही हातून कधी काही उगवलं नव्हतं, म्हणून मी मूग गिळून बसले.

तेवढ्यात सूनबाई आली. ती शाळेची व्हॅन चालवते. मुलगा माझा जहाजावर असतो, घरी आला तरी पाहुण्यासारखा. घर आम्ही तिघांनी धरलेलं आहे. व्हॅनची किल्ली हातात तशीच ठेवून तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, हा एक हिवाळा मला द्या."

"हिवाळ्यात काय पिकवणार तू?"

"काहीच नाही. हिवाळ्यात माती करायची. पीक उन्हं वाढली की."

ह्यांना हसू आलं. ती हसली नाही. "माझी आई आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांतून राहिली," ती म्हणाली. "जिन्यात रंगाच्या डब्यांत टोमॅटो लावायची. घर बदललं की आधी डबे उचलायचे, मग भांडी. कधी मालक म्हणायचा जिना मोकळा करा, कधी डबा गंजून फुटायचा. मला एकदा असं झाड लावायचंय जे उचलून न्यावं लागणार नाही."

सूनबाई घरात फार बोलत नाही, त्यामुळे बोलली की घराला ऐकावं लागतं. ब्लॉकवाल्याने मात्र त्यातही सौदा काढला. "ठीक आहे ताई, थंडी संपली की येतो. हीच पहार, ह्याच जागी सोडायची. उडाली तर पट्टा माझा, उभी राहिली तर तुमचा." आमच्या ह्यांना असल्या तमाशाचा मोह कसा आवरणार? सगळ्यांच्या आधी ह्यांनीच हात पुढे केला.

सूनबाई कामाला लागली. नगरपालिकेच्या बागेतल्या माळ्याकडे सुट्टीच्या दिवशी जाऊन ती पाचोळ्याचं खत करायला शिकून आली होती. शाळेच्या आवारातला पाचोळा पोत्यांत भरून व्हॅनमधून आणायची. बाजार उठला की टाकून दिलेला पाला, सुताराकडचा भुसा, गोठ्यावरचं शेण. व्हॅनला कोबीचा वास येतो म्हणून पोरांनी नाक मुरडलं, तर तिने सांगितलं की आपली व्हॅन आता भाजीपाल्यावर चालते. पोरांना ते खरं वाटलं आणि एका आईने फोन करून विचारलंसुद्धा.

कुंपणालगत तिने ढीग रचला. पाचोळ्याचा थर, त्यावर ओला पाला, त्यावर शेण, वर मूठभर जुनी माती, की पुन्हा पाचोळा. प्रत्येक थराची मूठ ती पिळून बघायची. थेंब गळता कामा नये, तळवा मात्र ओला झाला पाहिजे. मी आयुष्यभर शेण आणि दुकानातलं खत वाफ्यात फेकत आले, इतका लाड मी मुलाचा केला नाही. ढीग माझ्या छातीएवढा झाला तेव्हा तिने त्यात लोखंडी सळई खुपसली, वर पोती पांघरली आणि हात धुतले.

थोड्याच दिवसांत एका सकाळी तिने मला ओढत नेलं. सळई उपसून माझ्या हातात दिली. चटका बसला. बाहेर एवढी थंडी की बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता, आणि ह्या कचऱ्याच्या पोटात चूल पेटलेली. पोतं उचललं तर वाफ निघाली. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं वाफेने आलं.

हे मागून येऊन उभे होते. त्यांनी वाफ पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर थेटरातला जुना उजेड पडला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

त्यानंतर आमच्याकडे माणसांचा राबता वाढला. सूनबाई व्हॅन घेऊन गेली की कोणी ना कोणी यायचं. न्हावी आला, पोस्टमन आला, थेटरातला जुना तिकीटवाला काठी टेकत आला. हे त्यांना मागे मळ्यात घेऊन जायचे, आतून मला चहाची ऑर्डर यायची, आणि परतताना मंडळी माना डोलावत जायची. मला वाटलं, चला, निवृत्त माणसाला मित्र भेटतायत, आपल्या डोक्यावर मिऱ्या वाटण्यापेक्षा बरं. आंघोळीला गरम पाणी हे मागेनासे झाले, तेही मला चांगलंच वाटलं. माझी अक्कल अशी कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

ढीग मात्र निवत चालला. सळई आधी कोमट लागली, मग नुसती लोखंडासारखी थंड. सूनबाईने ढीग वरून उकरून पाहिला, शेण घातलं, पाणी शिंपडलं. दोन दिवस धग यायची की पुन्हा निवायचा. मध्यभागी पाचोळा जसाच्या तसा कोरडा. कामावरून आली की ती कपडे न बदलता आधी ढिगाकडे जायची आणि सळई धरून उभी राहायची. ज्या पोरीने मला चटका दाखवायला ओढत नेलं होतं तिची मान अशी खाली गेलेली मला बघवेना. माळ्याला विचारून आली. तो म्हणाला थर बरोबर, ओल बरोबर, मग कारण बघितल्याशिवाय कसं सांगू.

एका संध्याकाळी ती मळ्यात उलट्या बादलीवर बसली होती. "आई, मला जमलं नाही," ती म्हणाली. "ढीग शिजला नाही तर पट्ट्यात घालायचं काय? नुसता पाचोळा पुरून पहार उभी राहायची नाही. उद्या ब्लॉकवाल्याला सांगून टाकू, उगीच थांबवायचं कशाला त्याला."

"उद्याचं उद्या," मी म्हटलं. पण मला ते पटेना. ज्या हातांनी ते थर लावले ते मी पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी ढिगाभोवती फेरी मारली. कुंपणाच्या बाजूला, जिथे आपण एरवी कधी जात नाही, तिथे एक स्टूल ठेवलेलं दिसलं. आमच्याच स्वयंपाकघरातलं, जे मी आठवडाभर शोधत होते. स्टुलासमोर पोतं लटकत होतं. पोतं बाजूला केलं तर आत लाकडी झडप. चौकोनी, बिजागरीची, नीट रंधा मारलेली. अगदी थेटरातल्या मशीनच्या खोलीच्या झडपेसारखी! झडप उघडली तर ढिगाच्या पार पोटापर्यंत बोगदा, आणि आत आमचा पाण्याचा डबा.

प्रत्येक पाहुण्याला स्टुलावर बसवून हे झडप उघडत होते. थंड वारा आत, ऊब बाहेर. आणि खेळ संपला की त्या ऊन पाण्याने स्वतःची आंघोळ! मी कपाळावर हात मारला. मग तो डबा उचलला, घरात गेले आणि ह्यांच्या वर्तमानपत्रावर आदळला.

"हे काय आहे?"

हे डब्याकडे बघत राहिले. "गरम पाणी," ते म्हणाले.

"आता गार आहे. हात घालून बघा. पोरगी तिकडे स्वतःला दोष देऊन देऊन अर्धी झाली, जमीन द्यायला निघाली. आणि तुम्ही तिच्या चुलीचं दार उघडून गावाला दाखवताय?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. एवढासा वारा एवढ्या ढिगाला काय करणार, असं वाटलं होतं त्यांना. त्यांचा चेहरा पडला तो पाहून मला आणखी बोलायचं होतं ते निम्मं मी गिळलं. "मी सांगणार नाही तिला," मी म्हटलं. "तुम्ही सांगायचं. आज, जेवताना."

जेवताना ह्यांनी भाजीला मीठ कमी आहे म्हणून सांगितलं, थंडी वाढल्याचं सांगितलं, पाणी प्यायले. मी भांडं जरा जोरात ठेवलं. तेव्हा म्हणाले, "सूनबाई, ढीग तुझ्यामुळे नाही निवला. मी निववला." आणि झडपेचं सगळं सांगितलं.

ती घास हातात धरून ऐकत होती. मला वाटलं आता ताट सरकवून उठते, आणि उठली असती तर मी तिच्याच बाजूने उभी राहिले असते. ती म्हणाली, "बाबा, कुणाकुणाला दाखवला?"

ह्यांनी खाली मान घालून सांगायला सुरुवात केली. "न्हावी. पोस्टमन. तिकीटवाला, तो दोनदा आला. त्याने पोस्टमास्तरांना आणलं." सांगता सांगता मान वर यायला लागली. "शिंपी आपल्या दोन्ही मेव्हण्यांना घेऊन आला. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली गं! मी प्रत्येकाला सांगितलं, हे माझ्या सुनेने केलंय. कचऱ्यातून विस्तव काढलाय म्हटलं. तिकीटवाला म्हणाला, ऑपरेटर, तुझ्या थेटरात असं काही बघितलं नव्हतं."

सूनबाईने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, आणि हसता हसता रडतही होती, आणि मग आम्ही तिघंही सुटलो. "सगळे तिकीट काढून आले असते, तर बरं झालं असतं," ती म्हणाली. पण हसू ओसरल्यावर तिने स्पष्ट सांगितलं, "बाबा, आता ढीग उघडायचा नाही. कुणासाठीही नाही. पुन्हा निवला तर मला दुसरा रचायला हिवाळा उरणार नाही."

"नाही उघडणार," हे म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी तिघांनी ढीग पार मोडला. कोरडं आत, ओलं बाहेर, नवं शेण, मूठ पिळून प्रत्येक थर. बोगद्याची झडप ह्यांनी स्वतः फोडून चुलीत घातली. ढीग उभा राहिला, पण पोती अपुरी पडली आणि वारा तर बोचरा सुटलेला. हे घरात गेले आणि बऱ्याच वेळाने ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते खांद्यावर थेटरचा पडदा घेऊन. लाल मखमलीचा, सोनेरी काठाचा. थेटर बंद झालं तेव्हा मालकाने ह्यांना विचारलं होतं, काय हवं ते घेऊन जा, आणि ह्यांनी घड्याळ नाही, पंखा नाही, हा पडदा मागितला होता. मला त्याची उशीची खोळसुद्धा कधी शिवू दिली नाही.

"बाबा, तो खराब होईल," सूनबाई म्हणाली.

"पडदा झाकायलाच असतो," हे म्हणाले आणि शेणाने माखलेल्या ढिगावर त्यांनी तो पांघरला, चारी बाजूंनी दाबून बसवला. मी तोंड फिरवून खोरं उचललं.

ढीग आतून पुन्हा पेटला. आणि ढीग शिजत होता तोवर खालचा पट्टा फोडायला हवा होता. सूनबाई कामावर असायची, मला वरचे वाफे होते. एका सकाळी ठण्ण ठण्ण आवाज आला म्हणून बाहेर पाहिलं तर मफलर गुंडाळून हे पहार घेऊन पट्ट्यात. एक घाव, एक दम. ज्या माणसाने कधी रिळापेक्षा जड काही उचललं नाही, तो रोज थोडी थोडी जमीन फोडत होता. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. मी तेल-हळद लावून द्यायचे. रोज ओरडायचेही, ते चुकवत नाही मी.

असाच एकदा ब्लॉकवाला डोकावला. लाल मखमलीखाली कचऱ्याचा ढीग पाहून त्याने हसून घेतलं आणि म्हणाला, "ऑपरेटर, सगळ्या गल्लीने वाफ बघितली, मीच राहिलो. जरा पडदा वर करा की."

मी दारात उभी. असा प्रेक्षक, आणि तोही स्वतःहून मागणारा! ह्यांचा हात पडद्याकडे गेला. त्यांनी काठ नीट खोचला. "ढीग उघडायचा नाही," ते म्हणाले. "सूनबाईंची परवानगी नाही."

मला त्या माणसाचा इतका अभिमान लग्नातसुद्धा वाटला नव्हता.

खत तयार झालं तेव्हा काळं, भुसभुशीत, आणि त्याला वास यायचा तो पावसानंतरच्या झाडीचा. सूनबाईने दातेरी फावड्याने पट्टा खोलवर सैल केला, खत पसरलं, मातीत मिसळलं, वर पुन्हा पाचोळ्याचं पांघरूण घातलं. मग थांबायचं. थांबणं हे ह्यांना पहारेपेक्षा जड गेलं. मध्येच पाचोळा बाजूला करून बोटभर माती बघायची परवानगी त्यांना सूनबाईने दिली होती, आणि गांडूळ दिसलं की ते मला हाक मारायचे. एवढ्या कौतुकाने त्यांनी मला नातवंड झाल्यावरच बोलवावं, असं मी त्यांना सुनावलं.

थंडी ओसरली. ब्लॉकवाला आला, शब्दाचा पक्का. सोबत त्याचे दोन कामगार. पट्ट्याच्या कडेला फळी टाकलेली होती, तिच्यावर उभं राहून त्याने पहार उचलली, आधीसारखीच खांद्याच्या वर नेली. सूनबाई माझ्या शेजारी होती, तिने माझा दंड धरला होता आणि तिला ते कळतही नव्हतं.

पहार सोडली. आवाजच आला नाही. ती हातभर आत गेली आणि उभी राहिली.

ब्लॉकवाल्याने ती हलवून पाहिली, मग फळीवरून एक पाय खाली टाकून पाहिला. बूट घोट्यापर्यंत गेला. "छे!" तो वैतागून म्हणाला. "सगळी जमीन बिघडवून टाकलीत. इथे आता माझी हातगाडीसुद्धा उभी राहायची नाही." ह्याहून मोठी शाबासकी आमच्या मातीला कुणी देऊ शकलं नसतं. बूट झाडत झाडत तो हसला आणि सूनबाईला म्हणाला, "पट्टा तुमचा, ताई. पहिली भाजी मात्र मला पाठवा."

तो गेल्यावर हे बराच वेळ पहारेपाशी घुटमळले. मग शाळकरी पोरासारखे सूनबाईसमोर येऊन उभे राहिले. "दाखवू का?"

"दाखवा, बाबा," ती म्हणाली. "कितीही जणांना दाखवा. माती निवत नाही."

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली लोटली. ह्यांनी मंडळींना फळीवर ओळीने उभं केलं, वाफ्यावर पाय पडेल तर खबरदार म्हणून दम भरला. मला वाटलं आता तासाभराचं भाषण. पण ते एवढंच म्हणाले, "काम सूनबाईचं आणि तिच्या सासूचं. माझा नुसता पडदा." आणि बाजूला झाले.

मग मात्र मला राहवलं नाही. मी पुढे झाले, ह्यांचे दोन्ही हात धरले आणि तळवे वर करून सगळ्यांना दाखवले. "हे बघा," मी मोठ्याने म्हटलं. "नुसता पडदा म्हणे! ही अर्धी जमीन ह्या हातांनी फोडलीय." हे हात सोडवून घ्यायला लागले. मी सोडले नाहीत. पोस्टमन आणि न्हाव्याला तर मी अगदी जवळ बोलावून एकेक घट्टा दाखवला.

तेवढ्यात विहीणबाई आल्या, सूनबाईची आई. हातात रंगाचा जुना डबा, त्यात टोमॅटोचं वीतभर रोप. गर्दी बघून त्या लाजल्या आणि कडेला थांबल्या. सूनबाईने त्यांना फळीवरून पट्ट्याच्या मधोमध नेलं. गुडघ्यावर बसून हातानेच खड्डा केला, खुरपं लागलंच नाही. डबा पालथा करून रोप मुळांसकट काढलं, मातीत ठेवलं, भोवती दाबलं.

"इथेच राहणार ना हे?" विहीणबाईंनी हळूच विचारलं.

"इथेच, आई."

त्या उठल्या, रिकामा डबा दोन्ही हातांत धरून. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग मला म्हणाल्या, "विहीणबाई, हा आता कुठे ठेवू?"